एकतीस शब्दांचा हिवाळा

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शिक्षक-खोलीत दोन गोष्टी बरोबर येतात. एक पूर्वपरीक्षेचे गठ्ठे, दुसरी भरताची वांगी. गठ्ठे सुतळीने बांधलेले असतात आणि वांगी कोणाच्या तरी वावरातून कापडी पिशवीत आलेली असतात. दोन्ही एकाच टेबलावर पडून राहतात. वांग्यांची वाटणी दुपारपर्यंत होते, गठ्ठ्यांची होत नाही.

यंदाही तसंच झालं. सकाळी पिशवीत हात घातला, तर वांगी बर्फासारखी गार. हिरवट-पांढरी, हाताच्या पंजाएवढी, देठाला काटे. एक काटा बोटात घुसला आणि दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवला. त्या हिवाळ्यात मी एक पान लिहिलं होतं. चारच वाक्यांचं. माझ्या लेखनाचा माझ्या हयातीत कोणावर परिणाम झाला असेल, तर तो त्या पानाचा, आणि तो होऊ नये म्हणून मला नंतर बरीच धावपळ करावी लागली.

शाळा जामनेरहून पहूरकडे जाताना आत वळल्यावर लागते. गावाचं नाव सांगत नाही, कारण गाव लहान आहे आणि मी अजून तिथेच नोकरीला आहे. तीन बाजूंना शेतं. जानेवारीत एका खिडकीतून दादर ज्वारी दिसते, दुसरीतून बोंडं वेचून झालेली कपाशी, तिसरीतून केळी. थंडीने केळीची पानं फाटून त्यांच्या चिंध्या झालेल्या असतात. पहिल्या दोन तासांना मुलं कानटोप्या काढत नाहीत, त्यामुळे कोणाला प्रश्न विचारला आणि कोण उभं राहिलं, याचा मेळ लागत नाही. तिसऱ्या तासाला ऊन वर्गात येतं आणि मुलं उन्हाच्या पट्ट्याबरोबर बाकं सरकवत जातात. शाळा सुटेपर्यंत अख्खा वर्ग एका भिंतीला लागलेला असतो.

त्या वर्षी डिसेंबरात आम्हा भाषाशिक्षकांना धुळ्याला एका दिवसाच्या कार्यशाळेला बोलावलं होतं. विषय होता ‘वर्गाध्यापनातील भाषाशुद्धी आणि समाजमाध्यमांचे आव्हान’. व्यासपीठावर आव्हानाएवढाच मोठा फलक, दीपप्रज्वलनाला सात माणसं आणि एक काडेपेटी. वारा होता. चौथ्या काडीला दिवा लागला तेव्हा सभागृहात त्या दिवसातल्या सर्वांत मनापासूनच्या टाळ्या पडल्या.

मला एक जुनी खोड आहे. पाहुणा बोलायला उभा राहिला की तो ‘या ठिकाणी’ किती वेळा म्हणतो, ते मी मोजतो. पत्रिकेच्या मागे पेन्सिलीने रेघा मारतो, चार उभ्या, पाचवी आडवी. परत आल्यावर शिक्षक-खोलीत आकडा जाहीर करतो. सहकाऱ्यांनाही आता सवय झालीय. ‘कार्यक्रम कसा झाला’ असं विचारत नाहीत, ‘किती झाले’ असं विचारतात. धुळ्याच्या तज्ज्ञांनी त्या दिवशी चव्वेचाळीस केले.

त्या चव्वेचाळिसांच्या मधल्या जागेत त्यांनी पडद्यावर एक यादी दाखवली. मुलं मोबाइलवरून उचलतात आणि वर्गात आणतात ते शब्द: ब्रो, क्रिंज, सस, ऑरा, एनपीसी, आणखी बरेच. प्रत्येक शब्द ते चिमट्यात धरून कचरापेटीत टाकावा तसा उच्चारत होते. साक्रीकडच्या एका बाईंनी उभं राहून विचारलं, “सर, एनपीसी म्हणजे नेमकं काय?”

तज्ज्ञ म्हणाले, “मॅडम, या ठिकाणी अर्थ महत्त्वाचा नाही.”

यादीच्या छापील प्रती मिळाल्या. मी ती इमानाने आणून मुख्याध्यापकांना दिली. ते सरळ मनाचे गृहस्थ आहेत. त्यांनी वर ‘खालील शब्द शाळेच्या आवारात वापरू नयेत’ असं लिहून यादी सूचनाफलकावर लावली. पाचवीच्या पोरांना त्यातले निम्मे शब्द माहीत नव्हते. मधल्या सुट्टीत ती फलकापुढे उभी राहून मोठ्याने वाचत होती, आणि सुट्टी संपली तेव्हा पाणी प्यायच्या रांगेत प्रत्येक जण पुढच्याला ब्रो म्हणत होता. दुसऱ्या दिवशी यादी निघाली. शब्द राहिले.

शिक्षक-खोलीत या शब्दांबद्दल मतं होती, आणि आमच्याकडे मत आहे म्हटल्यावर ते रोज मांडावं लागतं. इतिहासाचे सर म्हणायचे, ही भाषा नाही, हा रोग आहे. क्रीडाशिक्षक उलट मुद्दाम प्रत्येकाला ब्रो म्हणायचे. पन्नाशीच्या माणसाने ब्रो म्हटलं की मुलं जमिनीकडे बघायची, जसं आपण जवळच्या नातेवाइकाला लग्नात नाचताना पाहून बघतो. मुख्याध्यापक म्हणायचे, बोर्डात मार्क पडले पाहिजेत, बाकी काही का बोलेनात. मी मराठीचा शिक्षक, म्हणून सगळे शेवटी माझ्याकडे वळायचे, आणि मी काहीतरी चटकदार बोलून निसटायचो. मला मत नव्हतं. विनोद होता.

कोमल मॅडम या चर्चांत नसायच्या. त्या विज्ञान शिकवायच्या, वय चोविसेक, नशिराबादहून दोन बस बदलून यायच्या. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढंच मानधन, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावणार की नाही हे संस्थेच्या फेब्रुवारीतल्या बैठकीत ठरणार. त्याआधी त्या जळगावला एका मोठ्या क्लासमध्ये होत्या. तिथे गळ्यात माइक अडकवून शंभरावर मुलांपुढे बोलायचं. “मागच्या रांगेतल्या एकाचाही चेहरा मी कधी नीट पाहिला नाही, सर,” असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. आमच्याकडे त्यांना नववी मिळाली होती, अडतीस मुलं, सगळी नावानिशी पाठ. नववीचा विज्ञानशिक्षकच पुढच्या वर्षी तो वर्ग दहावीला नेतो, अशी आमची रीत. त्यांना तेवढंच हवं होतं: ही अडतीस पोरं दहावीच्या बोर्डापर्यंत न्यायची.

आता ते पान. वर्षातून एकदा प्रत्येक शिक्षकाच्या तासाला एक ज्येष्ठ शिक्षक शेवटच्या बाकावर जाऊन बसतो आणि लॉगबुक नावाच्या जाड वहीत अभिप्राय लिहितो. पानांना क्रमांक असतात. खाडाखोड चालत नाही. खाली ज्याचा तास झाला, त्याने वाचून सही करायची. वहीत वर्षानुवर्षं तीनच वाक्यं आहेत: फलकलेखन सुवाच्य. विद्यार्थी सहभाग समाधानकारक. शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा. विहिरीवर वाकून ओरडलं तर तिच्यातूनही हाच अभिप्राय येईल.

त्या वर्षी कोमल मॅडमचा तास माझ्या वाट्याला आला. मी शेवटच्या बाकावर बसलो. त्यांनी फळ्यावर वर्तुळं काढली.

“हा सोडियम. शेवटच्या कक्षेत किती? एक. एकटाच. ब्रोला तो नकोच आहे. आणि हा क्लोरीन, याला एकच कमी पडतोय. मग सीन काय होणार?”

“सेट!” अख्खा वर्ग.

“आणि हे निऑन, अरगॉन. यांची कक्षा फुल्ल. कोणाला द्यायचं नाही, कोणाकडून घ्यायचं नाही. हे कोण?”

“एनपीसी!”

धुळ्याला न मिळालेला अर्थ मला तिथे मिळाला. मोबाइलवरच्या खेळात मागे नुसती उभी असणारी पात्रं असतात. लढाई होवो, गाव जळो, ती आपली जागच्या जागी. ती एनपीसी.

“पुस्तकात यांना काय म्हणतात?” मॅडमनी विचारलं.

“राजवायू.”

“पण मॅडम,” एक मुलगा म्हणाला, “राजे असून काहीच करत नाही?”

“म्हणून तर राजे,” मॅडम म्हणाल्या.

मला हसू आलं, आणि त्या गडबडीत एक ब्रो मोजायचा राहिला. होय, मी मोजत होतो. हात आपोआप चालला होता. चार उभ्या, एक आडवी. तास संपला तेव्हा एकतीस झाले होते, आणि मुलांनी शेवटची दहा मिनिटं वहीत काय सोडवलं, ते बघायला मी उठलोच नव्हतो.

मग मी लॉगबुकात लिहिलं: ‘घटक रासायनिक बंध. फलकलेखन सुवाच्य. एका तासिकेत समाजमाध्यमी शब्द एकतीस. विषय बहुधा विज्ञान असावा.’

मुख्याध्यापक हसले. शिक्षक-खोलीत इतिहासाच्या सरांनी ते पान उभं राहून वाचलं, आणि त्यांच्याकडून दाद मिळणं ही सोपी गोष्ट नाही. कोमल मॅडमनी वाचलं, सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही छान लिहिता. पोरांना काय आलं, तेवढं लिहायचं राहिलं.”

मला वाटलं, पोरगी खिलाडू आहे.

पूर्वपरीक्षा संपली की आमच्या संस्थेचे अध्यक्ष शिक्षकांना आपल्या वावरात भरताच्या पार्टीला बोलावतात. अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. वय सत्तरीचं, शिक्षण सातवीपर्यंत, आणि शाळेवर जीव. खानदेशात बैठका कार्यालयात होतात, निर्णय भरताच्या जाळाशी होतात, हे ज्याला कळलं तो इथे नोकरी टिकवतो. कपाशीच्या पराट्या, म्हणजे वाळलेली झाडं, रचून त्यांवर वांगी टाकतात. जाळ भसकन उठतो आणि लगेच बसतो. वांगी काळी होतात, आतून शिजतात, त्यांच्यातून शिट्टीसारखा आवाज येतो. मग ती सोलायची, लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणाबरोबर मुसळाने ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेली फोडणी. केळीच्या पानावर भरीत, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, पुरी. अंगावर कोवळं ऊन, कपड्यांना धुराचा वास. या जेवणाची बरोबरी करणारं काही मी अजून खाल्लेलं नाही, आणि आता शोधतही नाही.

आबा माझ्या शेजारी बाजेवर येऊन बसले.

“सर, तुमचं लिहेल वाचलं मी. लॉगबुकातलं.”

“आबा, तुम्ही लॉगबुक वाचता?”

“बठ्ठं वाचतो, एकेक पान. दरवर्षी. मी काही शिकेल नाही, पन शिकेल मानसानं लिहेल खोटं नसतं, एवढं मले माहीत हाये.” त्यांनी पुरीचा तुकडा मोडला. “एकतीस म्हंजे लय झाले. लोक काय म्हनतीन, मास्तरीन पोरांले मोबाइलची भाषा शिकवते. मी ठरवलं, पुढच्या साली विज्ञानाले दुसरं कोनी पाहू.”

कोमल मॅडम दहा पावलांवर वांगी सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

“आबा, ती गंमत होती,” मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, खरंच कोड्यात पडल्यासारखं. “लॉगबुकात गंमत करता, सर? मंग आतापर्यंत तीस साल तुमी जे लिहेल हाये, ते बी गंमत समजू का?”

समोर भरीत होतं. मी ते खाल्लं, आणि त्या दिवशी ते कसं झालं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

परतीच्या बसमध्ये मॅडम माझ्या पुढच्या सीटवर होत्या. जामनेरला उतरताना म्हणाल्या, “क्लासवाल्यांचा फोन आला होता मागच्या आठवड्यात. मी नाही म्हटलं. नववी सोडून कुठे जाणार, असं म्हटलं त्यांना.” आणि नशिराबादची गाडी पकडायला निघून गेल्या.

अशा वेळी माणसाला आपलं बालपण आठवतं, कारण तिथे आपण निर्दोष असतो. माझं बालपण धुळे जिल्ह्यातलं. तिसरीत गुरुजींनी विचारलं, वडील का आले नाहीत? मी म्हणालो, “मना बाप वावरमा जायेल शे.” गुरुजींनी मला बाकावर उभं केलं, आणि ‘माझे वडील शेतात गेले आहेत’ हे वाक्य नीट म्हणेपर्यंत खाली बसू दिलं नाही. दुपारपर्यंत मला ते जमलं. वडील तेव्हाही वावरातच होते. वाक्य सुधारल्याने ते काही शाळेत आले नाहीत.

पुढे मी ते वाक्य इतकं नीट शिकलो की जामनेरकडे नोकरीला आलो तेव्हा पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, “सर पुन्याचे दिसतात.” मला आनंद झाला होता. ही गोष्ट मी फार लोकांना सांगितलेली नाही.

पण मी अहिराणी आणि ऑरा यांना एका पंगतीला बसवत नाही. हल्ली सभांमध्ये तशी फॅशन आहे: काल बोलीला हिणवलं, आज मुलांच्या भाषेला हिणवतात, टाळ्या. बोलीत माझी आई रागावायची आणि रडायचीही. ऑरामध्ये अजून कोणी रडल्याचं मी ऐकलेलं नाही. शिवाय हे शब्द दुधासारखे नासतात. क्रिंज म्हणजे बघणाऱ्यालाच लाज वाटणं, हे मला कळलं तोवर तो शब्द म्हणणंच क्रिंज झालं होतं. यंदाच्या नववीपुढे एनपीसी म्हटलं तर ती दयेने हसते. मला ते शब्द तेव्हा आवडत नव्हते, आताही आवडत नाहीत.

मात्र त्या आठवड्यात शाळेची टपाल-फाइल चाळताना मला असंही दिसलं की ‘उपरोक्त विषयान्वये’ ही भाषासुद्धा कोणाच्या घरी बोलत नाहीत. ‘सर्वांगीण विकास’ कोणत्याही आईने मुलाला जेवू घालताना म्हटलेलं नाही. आमचेही शब्द एका टोळीचेच होते. आमची टोळी एवढी जुनी की तिला शिक्के मिळाले होते. आणि मी ज्या मुलांचे शब्द मोजले, त्यांनी कोणाचीही नोकरी घालवली नव्हती.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो. “ते पान खोडू द्या.”

“खोडता येत नाही, सर. पानाला क्रमांक आहे.”

“मग दुसरं लिहू द्या. पुन्हा तास पाहतो.”

“एकाच शिक्षकाचं दोनदा? असं कधी झालं नाही.”

“लॉगबुकात विनोदही कधी झाला नव्हता.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. हा त्यांचा होकार असतो. “बैठक शनिवारी आहे,” ते म्हणाले. “गुरुवारी पाचवा तास.”

गुरुवारी मी पुन्हा शेवटच्या बाकावर. या वेळी पेन्सिल आणली नव्हती, पण मॅडमना ते कुठे माहीत? त्या फळ्यापाशी गेल्या आणि पुस्तक बोलू लागलं. “आजचा घटक आम्ल व आम्लारी. प्रथम आपण मागील घटकाची उजळणी करूया. ज्या मूलद्रव्यांची बाह्यतम कक्षा पूर्ण असते, त्यांस राजवायू असे म्हणतात.” एकही शब्द वावगा नाही. धुळ्याच्या तज्ज्ञांनी डोळे मिटून ऐकलं असतं. वर्गात इतकी शांतता की केळीच्या बागेतल्या मोटारीचा आवाज येत होता. मुलं एकदा मॅडमकडे बघत होती, एकदा वळून माझ्याकडे. आमच्या भागात पाहुणा आल्यावर घर असंच गप्प होतं.

पहिल्या बाकावरच्या पुष्पा नावाच्या मुलीने हात वर केला. “मॅडम, तुमाले बरं नाही का?”

“मला काय झालंय?” मॅडम म्हणाल्या. “पुढे लिहा.”

असाच तास संपला असता, तर लिहायला माझ्याकडे तीच तीन वाक्यं उरली असती, आणि आबांनी ती वाचून पहिलं पानच धरून ठेवलं असतं. निरीक्षकाने तासात बोलायचं नसतं, असा नियम आहे. मी उभा राहिलो.

“पुष्पा, मला एक सांग. एनपीसी कोण गं?”

वर्ग हादरला. मराठीचे सर एनपीसी म्हणाले होते. पुष्पाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खडू खाली ठेवला.

“सांगू का, मॅडम?”

“सरांनी विचारलंय. सांग.”

“निऑन, सर. अरगॉन. हेलियम बी.”

“काहून?” हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला, देव जाणे. पुण्याच्या माणसाला शोभणारा नव्हता.

“त्यांची शेवटची कक्षा भरेल असते, सर. हेलियमची दोनात भरते, बाकीच्यांची आठात. मंग ते कोनाशी बंध करत नाही. सोडियमले एक जास्तीचा, तो देऊन टाकतो. क्लोरीन घेतो. म्हनून मीठ होते.” ती एका दमात बोलली आणि मग तिला शंका आली. “सर, हेलियमचं मॅडमनी सांगेल नव्हतं. मी पुस्तकात पाहिलं.”

“पेपरमध्ये काय लिहिशील? एनपीसी?”

अख्खा वर्ग हसला. मागून तो राजांवाला मुलगा ओरडला, “सर, पेपरात एनपीसी लिहाले आम्ही काय येडे हाये का? तिथं राजवायू!”

“आणि घरी?”

“घरी कोन इचारते, सर?”

मग मॅडमनी खडू उचलला. म्हणाल्या, “बरं. आता आम्लाचा सीन काय आहे तो बघू,” आणि बाकं पुन्हा उन्हाकडे सरकायला लागली. मी उठून बाकांमधून फिरलो. वह्या पाहिल्या, एकेक करून, अडतीस. त्यांत कुठेही ऑरा नव्हता, सस नव्हता. होती ती समीकरणं, काही बरोबर, काही चूक, आणि चुकांवर मॅडमच्या हातची लाल दुरुस्ती, शुद्ध मराठीत.

तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की कुठे काय बोलावं, याचं भान म्हणजे भाषा. त्यांच्यापाशी ते होतं. लॉगबुकात गंमत लिहिणारा मी होतो.

त्या संध्याकाळी मी दुसरं पान लिहिलं. कोणता प्रश्न विचारला, कोणी काय उत्तर दिलं, किती वह्या पाहिल्या, किती जणांना समीकरण जमलं, किती जणांना नाही. मुलांची उत्तरं त्यांच्या शब्दांत लिहिली, ‘भरेल असते’सकट. शेवटी लिहिलं, ‘मागील पानावरील अभिप्रायात विद्यार्थ्यांना काय समजले याची नोंद घेतलेली नाही. ती निरीक्षकाची चूक आहे.’ सव्वा पान झालं. एकही चटकदार वाक्य नव्हतं. दोन सुचली होती. एक फार चांगलं होतं, आणि ते न लिहिता पेन ठेवताना मला जवळजवळ शारीरिक त्रास झाला.

शनिवारी बैठक झाली. मला आत बोलावलं नव्हतं. मी व्हरांड्यात पूर्वपरीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो आणि एकाच पेपरची दोनदा बेरीज करत होतो. खिडकी उघडी होती. आबांचा आवाज आला, एकेक शब्द सुटा करत वाचण्याचा. सव्वा पानाला त्यांना बराच वेळ लागला. मग ते म्हणाले, “हे कोनी लिहेल हाये?”

मुख्याध्यापक म्हणाले, “त्याच सरांनी, आबा.”

“त्यांच्यासारखं वाटत नाही.” पान उलटल्याचा आवाज आला. “पहिलं खरं का दुसरं?”

“दुसरं, आबा.”

“मंग पहिलं काहून लिहेल?”

मुख्याध्यापकांनी काय उत्तर दिलं, ते ऐकू आलं नाही. त्यांनी चष्मा पुसला असावा. आबा म्हणाले, “ही हेलियमवाली पोरगी कोनाची?” कोणीतरी बापाचं नाव सांगितलं. “तो तं माह्या वावरात वांगे तोडाले येतो. त्याची पोरगी एवढं बोलली?” मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “वर्ग बाईकडेच राहू द्या. दहावी होऊ द्या त्यांची. मंग पाहू.”

‘मग पाहू’ ही आमच्याकडची कायम नेमणूक आहे. त्यावर लोक निवृत्त झाले आहेत.

कोमल मॅडमना मुख्याध्यापकांनी सोमवारी सांगितलं. मधल्या सुट्टीत त्या माझ्या टेबलापाशी आल्या. बातमी सांगायला आल्या असतील, असं वाटून मी चेहरा तयार ठेवला, थोडासा मोठेपणाचा, थोडासा ‘त्यात काय विशेष’ असा.

“सर, मी थँक्यू म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “पहिलं पान तुमचंच होतं.”

“बरोबर आहे.”

“राग नाही. फक्त म्हणणार नाही.”

“नका म्हणू.”

त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “उद्या पाचवा तास माझा आहे. कार्बन सुरू करतेय. बसायला या. वही आणू नका.”

मी गेलो. शेवटच्या बाकावरच्या पोरांनी सरकून जागा करून दिली, एकाने अर्धा पेरू पुढे केला. मॅडमनी फळ्यावर चार हात असलेला कार्बन काढला आणि ती अडतीस पोरं आणि त्या मिळून अर्धा तास त्याच्याविषयी इतक्या वेगाने, इतक्या जोरात बोलत राहिली, की मला त्यातलं निम्मं कळलं नाही. जे कळलं नाही त्यात विज्ञान किती होतं आणि बाकीचं किती, ते मात्र मला विचारू नका.